घाटावर वाळणाऱ्या वाकळा

गेल्या रविवारी खानापुरात मलप्रभेच्या काठानं पायी फिरलो. गाडी गॅरेजला होती म्हणून... नाहीतर मी आणि पायी? खरं कारण वेगळंच. ती चार दिवस माझा फोन उचलत नव्हती, आणि तिचं घर घाटाच्या वरच्या गल्लीत आहे.

चालत गेलं की बरंच काय काय दिसतं. घरांच्या मागच्या दारातून थेट नदीकडं उतरणाऱ्या पायऱ्या, कठड्यावर ओळीनं पालथी घातलेली भांडी... एक आजोबा माशांना चिरमुरे घालत होते आणि वर त्यांनाच दम देत होते, "ढकलाढकली करू नका रं!" मला हसू आलं. डोकं जरा थंड झालं.

पुढं घाटाच्या दगडांवर सात-आठ वाकळा, जुन्या कपड्यांच्या गोधड्या, वाळत होत्या. एकीत जांभळ्या फुलांच्या ड्रेसचा तुकडा दिसला आणि पाय थांबले. फर्स्ट इयरला ती तो ड्रेस घालायची... हिस्टरीच्या तासाला फळ्यापेक्षा मी तोच जास्त बघितलाय.

म्हणजे वाकळा तिच्याच घरच्या. आमच्याकडं घरातल्या सगळ्या वाकळा एकदम धुतात त्या नवरात्राच्या आधी, नाहीतर लग्नाचे पावणे यायचे असले की. आता तर दिवाळीही होऊन गेलेली. म्हणजे हिचं लग्न ठरतंय! डोक्यात जाळ झाला. म्हणून फोन उचलत नाही होय!

तरातरा पायऱ्या उतरलो. खाली तिची आई एका ओल्या वाकळेशी एकटीच झटत होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हाक मारली, "ए बाळा, धर की जरा त्ये टोक." काय करणार... धरलं.

ओली वाकळ पिळायला दोघं लागतात. मी असा काही पीळ दिला की टाके कराकरा वाजले.

"आरं पीळ, फाडू नको! वाकळंवर कसला राग काढतोस?"

मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाल्या, "सरांसंगट भांडून कालेज सोडलंस, त्यो तूच न्हवं? बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत हाईस न्हवं आता?"

टोक हातातून सुटता सुटता राहिलं. तिनं घरात सांगितलं होतं! मी आपला वर्षभर समजत होतो, ही मला लपवून ठेवते...

"काकू... पावणे येणार आहेत काय?" मी विचारलं.

"कुठलं पावणं रं! पोरगी बीएडला धारवाडला चाललीया. हॉस्टेलला कुठली वाकळ न्यायची त्येच ठरंना तिचं, म्हणून समद्याच धुतल्या." मग वाकळ झटकत म्हणाल्या, "आणि फोनवर वरडत जाऊ नको तिच्यावर. पार सैपाकघरात ऐकू येतंय मला. दोन वर्सं शिकू दे तिला. तवर तूबी जरा माणसात ये. मग बघू."

मग बघू... नाही म्हणाल्या नाहीत.

आणखी तीन वाकळा पिळल्या आम्ही. वरच्या गल्लीत न जाता सरळ बसस्टँडवर आलो आणि तिला एवढाच मेसेज टाकला, "अॅडमिशनचं कळलं. लई भारी वाटलं."

काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस केलं. मी भांडायला आलो होतो, आणि तुम्ही मला ओळखूनही परत पाठवलं नाही. दोन वर्षं काय, निघतील.