जागचा न हलणारा ठिपका

माझा भाऊ आनंदराज हट्टी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना त्याची कीव करायची हुक्की कुणाला यायला नको. कीव करण्यासारखा माणूस तो नाही. डोकं फिरवणारा मात्र आहे.

उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला छत्रीवाला म्हणतात. घरोघरच्या टीव्हीच्या छत्र्या तोच बसवतो. पार बिलोलीकडच्या गावांतूनही त्याला बोलावणं येतं. स्लॅबवर चढायचं, छत्री नखाएवढी फिरवायची आणि खाली ओरडायचं, "आलं का?" आतून कुणीतरी म्हणणार, "न्हाई... न्हाई... आलं, आलं!" या आल्या-गेल्यात त्याची वीस वर्षं निघाली. लग्न राहिलं ते राहिलंच. त्यावर आमची माय, नागुबाई, वेगळं बोलेल आणि ते इथे लिहिण्यासारखं नसेल.

आकाशाचा नाद त्याला लावला लक्ष्मीबाईंनी. गावातले बडे शेतकरी भुजंग यांची ही आई. दादा त्यांच्या स्लॅबवर छत्री बसवत होता, तेव्हा म्हातारीने सहज विचारलं, "आनंदा, ही छत्री बगते तरी कुणाकडं?" दादाने बोट वर केलं. म्हातारीने कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "मला तर कायबी दिसंना." तेव्हा दादाच्या डोक्यात आलं की, आपल्यालाही कधी काही दिसलेलं नाही. वीस वर्षं ज्याच्याकडे तोंड करून छत्र्या लावल्या, ते एकदाही पाहिलेलं नाही, हे त्याला फार लागलं. जेवताना तेच, झोपताना तेच.

लातूरच्या एका सीसीटीव्हीच्या दुकानातून त्याने अंधारात दिसणारा कॅमेरा आणला, मोडीत काढलेला. बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं मोठं भिंग त्यावर चढवलं. जुना लॅपटॉप जोडला. मी नांदेडला, विष्णुपुरीकडे सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या पगारातून त्याने काय काय उकळलं ते सोडा. एका सुट्टीत त्याने मला हाताला धरून स्लॅबवर नेलं. कॅमेरा काही वेळ उजेड साठवतो आणि मग चित्र दाखवतो. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते, म्हणून चांदण्यांच्या बारीक रेघा उमटतात. त्या रेघांच्या मधोमध तीन-चार ठिपके होते, जागच्या जागी.

"लुंबिनी, हे आपले सॅटेलाइट," तो म्हणाला. "पृथ्वीसंगंच फिरतात, म्हणून थांबल्यावानी दिसतात. ह्यांच्याच तोंडाकडं मी सगळ्या गावाच्या छत्र्या करून ठेवल्यात."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चेष्टा केली, म्हटलं, एवढं तर बायको बघायला गेल्यावरही रडला नसतास. पण मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू? पुढे तो रोज ठिपके मोजायला लागला. एखादा जरासा सरकला की जगभरच्या आपल्यासारख्या येड्यांना फोटो पाठवायचा आणि त्यांचं उत्तर आलं की आख्ख्या गल्लीला चहा पाजायचा.

मग एका वर्षी सोयाबीनची सुगी आली. रानात सोयाबीनच्या गंजी पडल्या होत्या आणि त्याच दिवसांत ड्रोनची आवई उठली. रात्री ड्रोन येतं, घरं हेरून जातं, मागून चोर येतात. कुणी चोर पाहिला नव्हता, पण मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ येत होता. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्तीला निघाली. बिलोलीकडे एका भांडीवाल्याला खांबाला बांधून मारल्याचं ऐकलं. आमच्या गस्तीचा म्होरक्या भुजंग. तो दादाच्याच वर्गातला, पहिलीपासून एका बाकावर बसलेला. आमची बौद्धांची घरं गावाच्या कडेला. आमचं दार ढकलायला कुणाला कधी कारण लागलेलं नाही. त्या वर्षी कारणही मिळालं होतं, एवढंच.

मी रजेवर आले होते. नुकतीच जेवणं झाली होती. दादा स्लॅबवर कॅमेऱ्यापाशी बसला होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लांबून दिसतो, हे आमच्या ध्यानात आलं नाही. काठ्या आपटत तीस-चाळीस माणसं आली. भुजंग पुढे झाला आणि जिना चढून वर गेला. मी त्याच्या मागे धावले.

"हे काय करून राहिलास रे आनंद्या?" त्याने लॅपटॉपकडे बोट केलं.

आणि माझ्या येड्या भावाला आनंद झाला! कुणीतरी आपणहून विचारलं, याचाच आनंद. "ये, बग भुजंग. ह्या रेघा हालतात ना? पण हे ठिपके जागचे हालत न्हाईत. रातभर, दिसभर, आपल्या गावाच्या डोक्यावरच असतात."

भुजंगने लॅपटॉप उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला.

दादाला पायाला धरून जिन्यावरून ओढलं. प्रत्येक पायरीवर डोकं आपटत होतं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. माय आडवी आली, तर तिला कुणीतरी चुलीवर ढकललं. भुजंगच्या अंगणात मोठा दिवा होता, म्हणून तिथवर फरफटत नेलं. काठ्या पाठीवर, नडग्यांवर, बोटांवर पडत होत्या. मी मधे घुसले, तर माझे केस धरून बाजूला फेकलं. वॉर्डात मी मार खाल्लेली माणसं रोज बघते. मार बसताना माणसाचं अंग कसा आवाज करतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"खाली उतरव!" भुजंग ओरडत होता. "उतरव ते ड्रोन, मग सोडतो!"

"कसं उतरवू?" दादा रक्त थुंकत म्हणाला. "छत्तीस हजार किलोमीटरवर हाय ते."

हे ऐकून चारजण हसले आणि मग आणखी जोरात मारायला लागले. मी ओरडले, "दादा, हाव म्हण! उतरवतो म्हण!" पण हाव म्हटलं की ड्रोन त्याचंच ठरणार होतं, आणि ड्रोनवाल्याला ते जिवंत सोडणार नव्हते. हे त्याला कळलं होतं, मला नव्हतं. तो गुडघ्यावर उठला.

"भुजंग, तुझी छत्रीबी त्याच्याकडंच बगते. टीव्ही चालू हाय ना आत? लुंबे, वर जा. छत्रीपुढं घमेलं धर."

भुजंग वरचा मजला बांधत होता. स्लॅबवर विटांचा थर, घमेली, वाळू. मी चढले, घमेलं उचललं आणि छत्रीच्या तोंडापुढे धरलं. आतून लक्ष्मीबाई ओरडल्या, "गेलं! अरे, टीव्ही गेलं!" मी घमेलं काढलं. "आलं!" परत धरलं. "गेलं की रे!"

काठ्या खाली आल्या. मला वाटलं, झालं, समजलं यांना. दादाच्या फुटलेल्या तोंडावर तर हसू आलं होतं. त्याने भुजंगकडे असं पाहिलं, जसं पोर पाटी दाखवून मास्तरकडे पाहतं.

भुजंग म्हणाला, "म्हंजे आमच्या घरातलंबी ह्याच्याच हातात हाय."

"टीव्हीतून आत बगून राहिला हा!" मागून कुणीतरी किंचाळलं. "बायामाणसं बगतो!"

मग जे झालं त्याला मार म्हणत नाहीत. बांधकामाची सळई भुजंगच्या हाताशी होती. पहिला घाव दादाने हातावर झेलला आणि हात मोडला. दुसरा डोळ्यावर बसला. त्या वेळी दादाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माणसाचा नव्हता. तिसऱ्यासाठी भुजंगने सळई डोक्यावर उचलली. दादा पालथा पडला होता आणि त्याचं डोकं अगदी उघडं होतं.

मी वीट उचलली आणि वरून भुजंगच्या डोक्यात घातली.

लागेल न लागेल, काहीही मनात आलं नाही. तो मरावा असंच वाटलं. भुजंग खाली बसला, मग आडवा झाला. त्याचं रक्त बघून गर्दीची हवा गेली. मी दुसरी वीट घेतली, तिसरी घेतली, आईवरून शिव्या देत फेकत राहिले. अंगण रिकामं झालं. लक्ष्मीबाई दारात आल्या, आपल्या पोराकडे पाहिलं, माझ्या भावाकडे पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या.

दोघांनाही एकाच गाडीतून नांदेडला आणलं. भुजंगला टाके पडले. दादाचा उजवा डोळा गेला. मग कागद सुरू झाले. आमची तक्रार तशी त्यांचीही, माझ्यावर, जिवे मारायचा प्रयत्न केल्याची. गावातली चार शहाणी माणसं मधे पडली: तुम्ही मागं घ्या, तेही मागं घेतील, नाहीतर पोरीची सरकारी नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे नोकरी. दादाने मला न विचारता सही केली. मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाही. शेवटी तोच म्हणाला, "तू वीट टाकलीस म्हणून मी जिता हाय. तुला जेलात घालून मी काय न्याय मागू?" मी आणखी चिडले.

हाताचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात लक्ष्मीबाईंचा फोन आला. त्या रात्री विटा फेकताना माझा धक्का लागून छत्रीचं तोंड फिरलं होतं, टीव्ही बंद. उमरीहून दुसरा माणूस येऊन गेला, त्याला जमलं नाही. "कोणत्या तोंडानं बोलावू, लेका?" म्हातारी रडत होती.

"येतो काकू," दादा म्हणाला.

मी भांडी आपटली. म्हटलं, लाज नाही का तुला? त्यांच्या दारात जाणार?

"लुंबे, त्यांना मी खालीच पायजे होतो," तो शांतपणे म्हणाला. "आता भुजंगच्या भ्यानं ह्या गावात मी कोणत्याबी स्लॅबवर चढायचं सोडलं, तर पडलोच की मी खाली. मी सगळ्यांच्या चढणार. त्याच्याबी."

तो चढला. एका डोळ्याने पायऱ्यांचा अंदाज येत नव्हता, हाताने भिंत चाचपत चढला. भुजंग डोक्याला रुमाल बांधून अंगणात उभा होता, मान खाली घालून. वरून दादाने हाक मारली, "आलं का?" आतून म्हातारी म्हणाली, "न्हाई, न्हाई..." त्याला फार वेळ लागला. तेवढा सगळा वेळ मी भुजंगपासून हातभर अंतरावर हातात वीट घेऊन उभी होते. दादा खाली उतरून फाटकाबाहेर पडेपर्यंत मी ती खाली ठेवली नाही.