अकरा ठिकाणी ‘जाते’

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निरोप समारंभात सांगता आली असती. एका दिवाळी अंकाने संपादनाच्या आठवणी मागवल्या तेव्हा लिहिता आली असती. तिथे मी छपाईतल्या गमती लिहून पाठवल्या आणि ही वगळली. आता पंचाहत्तरी उलटली आहे. विसरलो असं म्हणायला हे वय सोयीचं आहे, पण मी विसरलेलो नाही.

त्या दिवशी ऑफिसात पोचलो तर टेबलावर एक पोस्टकार्ड होतं. मिरजेच्या नववीतल्या एका मुलीने लेखिकेला लिहिलेलं, आमच्या पत्त्यावर. पत्र मराठीत, म्हणून ते माझ्याकडे आलं.

‘तुमची कादंबरी आवडली. पण मलर बाहेर पडताना दर वेळी “आई, येते” म्हणते, तर आई दर वेळी हातातलं काम खाली का ठेवते? आणि शेवटच्या पानावर मलर “येते” म्हणते तेव्हा आई का रडते? रोजच तर म्हणते. मी दोनदा वाचलं. माझ्याकडून काही सुटलं आहे का?’

मला गंमत वाटली. कारण हाच प्रश्न मलाही पडला होता. ही आई सारखी कामं खाली का ठेवते? तमिळ लेखिका थोड्या हळव्या असतात, असं म्हणून मी तो सोडून दिला होता. मिरजेच्या मुलीने सोडला नव्हता.

आमची प्रकाशन संस्था चेन्नईतली. कुमारवयीन मुलांसाठी तमिळमध्ये आलेली चांगली पुस्तकं आम्ही इतर चार भाषांत काढायचो. मराठी विभाग म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. साल दोन हजार पाच-सहा असेल. मद्रासचं चेन्नई झालेलं मी तिथेच राहून पाहिलं होतं. बसमध्ये, भाजीवाल्याकडे चालेल एवढं तमिळ बोलायचो. लिपी मात्र येत नव्हती. मूळ पुस्तक वाचता येत नसताना मी त्याच्या अनुवादाचं संपादन करायचो. हे तेव्हा कोणाला खटकत नव्हतं, मलाही नाही.

कादंबरी अशी होती. मलर ही चेन्नईच्या वेलचेरी भागात राहणारी सोळा वर्षांची मुलगी. पावसात गल्ली गुडघाभर भरलेली. ती क्लासला निघते, आईला रोजच्यासारखं ‘येते’ म्हणते आणि कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी पाण्यात उतरलेल्या विजेचा तिला धक्का बसतो. हृदय बंद पडतं. एक ऑटोवाला छाती दाबून दाबून ते पुन्हा सुरू करतो. पुढचं सगळं पुस्तक परत आलेल्या मलरबद्दल आहे. ती भित्री झालेली नाही, संतही झालेली नाही. फक्त तिला काही गोष्टी पूर्वीसारख्या बोलता येत नाहीत. कोणत्या, ते लेखिका कुठेच सांगत नाही.

अनुवाद वसुधाचा होता. वसुधा राव, वय चोवीस, चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीत राहणारी. घराणं तंजावरचं मराठी. त्या लोकांचं मराठी जुन्या वळणाचं, वर तमिळचा हेल. ही मुलगी मराठी वाचायला स्वतःहून शिकली होती. हे तिचं पहिलं पुस्तक. पुढच्या दोन पुस्तकांचं वरदन सारांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, तिला तोंडी कबूल केलं होतं. त्या भरवशावर तिने आधीची टायपिंगची नोकरी सोडली होती.

मला तिचं काम आवडलं होतं. एकच गोष्ट खटकली. मलर घराबाहेर पडताना म्हणायची, ‘आई, जाते.’ एकदा नाही, अकरा ठिकाणी. आपल्याकडे असं कोणी म्हणत नाही. घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं. ‘जाते’ म्हटलं की आजूबाजूचे दचकतात. मी ठरवून टाकलं की तंजावरच्या पोरीला मराठीतली ही रीत माहीत नसणार.

डीटीपी ऑपरेटरला सांगितलं, ‘जाते’ काढून ‘येते’ घाल. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवण्याचं काम. ऑपरेटर तमिळ, मराठी त्याला चित्रासारखं. त्याने रिप्लेस ऑल दाबलं. म्हणजे जिथे जिथे ‘जाते’ होतं, तिथे सगळीकडे ‘येते’ झालं. एका पानावर वाक्य तयार झालं, ‘अचानक लाईट येते आणि सगळीकडे अंधार होतो.’ मी पोट धरून हसलो. असली सगळी ठिकाणं शोधून एकेक दुरुस्त केली. एकही सुटू दिलं नाही. त्याचा मला अभिमान वाटला होता, म्हणून सांगतो.

मग प्रूफं वसुधाकडे गेली. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं. चार दिवसांनी ती स्वतः घेऊन आली. अकराही ठिकाणी तिने ‘येते’ खोडून वर ‘जाते’ लिहिलं होतं आणि खाली ठिपके दिले होते. शब्दाखाली ठिपके म्हणजे ‘मुळात होतं तसंच राहू द्या’. ही खूण तिला मीच शिकवली होती.

“सर, ही अकरा ठिकाणं मुद्दाम आहेत,” ती म्हणाली.

“वसुधा, आपल्यात बाहेर पडताना ‘जाते’ म्हणत नाहीत. अशुभ समजतात.”

“आमच्या घरीही नाही म्हणत, सर. आम्ही ‘जाऊन येते’ म्हणतो. तमिळमध्येही नाही म्हणत.”

“मग झालं तर!”

“म्हणूनच, सर.”

त्या ‘म्हणूनच’ला मी ‘म्हणजे काय?’ एवढं विचारायला हवं होतं. मी म्हणालो, “हे बघ, पुण्या-मुंबईची मुलं वाचणार आहेत. ती हसतील तुला.” तिने प्रूफं टेबलावर ठेवली. ती गेल्यावर मी तिचे ठिपके पांढऱ्या शाईने झाकले. पुस्तक ‘येते’सकट छापलं गेलं.

आणि आता हे पोस्टकार्ड.

दुपारच्या सुट्टीत मी मूळ तमिळ पुस्तक घेऊन मीनाक्षीकडे गेलो. ती आमची टायपिस्ट, दहीभात खात बसली होती.

“ह्यातली पोरगी घरातून निघते ना, तेवढ्याच जागा वाचून दाखव.”

“जेवू द्या की, सोमण सार.”

“जेवता जेवता वाच.”

तिने डाव्या हाताने पानं उलटली. पहिल्याच प्रकरणात सापडलं. “पोयिट्टु वरेन म्मा,” तिने वाचलं. जाऊन येते, आई. हे मी रोज ऐकत होतो, शेजारी, बसस्टॉपवर. ती पुढे गेली. अपघात झाला. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर मलर पहिल्यांदा शाळेला निघते.

मीनाक्षीने “पोरेन म्मा,” म्हणजे ‘जाते, आई’, एवढं वाचलं आणि थांबली. “अय्यो! असं कोण बोलतं घरात?”

“पुढे वाच.”

“पोरेन... पोरेन...” प्रत्येक वेळी तिचं तोंड वाकडं होत होतं. “आई बिचारी काही बोलत नाही. वाटी खाली ठेवते नुसती. काय बोलणार? पोरगी एकदा जाऊन आलीय ना, सार. येते म्हणून गेली होती आणि आली नसती. आता खोटं कशाला बोलेल ती?”

सहा महिने तो मजकूर माझ्या हाताखाली होता. मीनाक्षीला दहीभात संपायच्या आत कळलं.

शेवटचं पान तिने वाचलं. परीक्षेचा दिवस. मलर चप्पल घालते, दारातून मागे वळते. “पोयिट्टु वरेन म्मा.” मीनाक्षीने पुस्तक मिटलं आणि पदराने डोळे टिपले. “मराठीत पण असंच येतं का?”

मी ‘हो’ म्हणालो.

मग मी कपाटातून प्रूफं काढली. पांढऱ्या शाईखालून ठिपके दिसत होते, उजेडाकडे धरल्यावर. अकराच्या अकरा. इंग्रजी आवृत्तीत या शब्दासाठी लांबलचक तळटीप द्यावी लागली होती, तीही मी त्याच दिवशी पाहिली. मराठीत काहीच द्यावं लागलं नसतं. शेवटचं पान मीही वाचलं होतं. फक्त ते वाचताना आधीची अकरा ठिकाणं मीच पुसून टाकलेली होती.

संध्याकाळी वरदन सारांनी बोलावलं. लेखिकेलाही कुठून तरी कळलं होतं. तिने फोन केला होता.

“सोमण सार, एका शब्दाने पुस्तक गेलं म्हणतात मॅडम. हे झालं कसं?”

मी खरं सांगायला तोंड उघडलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मराठी विभाग बंद करावा की काय, अशी वर चर्चा होती.

“भाषांतरातच घोळ झाला, सार,” मी म्हणालो. “मुलीचं मराठी तंजावरी आहे.”

“तुम्ही पाहिलं नाही?”

“पाहिलं. काही गोष्टी सुटतात.”

वरदन सार चांगला माणूस. आवाज चढवला नाही. “पुढची दोन पुस्तकं पुण्याच्या कोणाला तरी द्या मग. तिला मी कळवतो.”

‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे. तो मला सुचला होता.

मिरजेच्या मुलीला मी उत्तर पाठवलं, ‘तुझ्याकडून काही सुटलेलं नाही.’ तेवढंच खरं लिहिलं. दुसरी आवृत्ती निघाली तर शब्द बदलायचे ठरलं. दुसरी आवृत्ती निघाली नाही.

दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी तिरुवल्लिकेणीला गेलो. स्टेशनातून घरापर्यंत चालताना वाक्य पाठ करत होतो. ‘वसुधा, तुझं बरोबर होतं, आणि मी सारांना खोटं सांगितलं.’ फार कठीण वाक्य नव्हतं.

दार तिच्या वडिलांनी उघडलं. रिटायर्ड क्लार्क, कपाळाला गंध. “यावं, बसावं. कापी घेता?” म्हणाले. कापी म्हणजे कॉफी. वसुधाने ती आणून दिली. ती एका बँकेत टेंपररी लागली होती. माझ्याकडे पाहून हसली, पूर्वीसारखीच.

“तुम्ही पुण्याकडचे,” वडील म्हणाले. “आमच्या मराठीला हसत असाल.”

“छे हो, गोड आहे.”

“गोड आहे, पण पुस्तकाला चालत नाही म्हणे.”

“अप्पा!” वसुधा म्हणाली.

“मी कुठे काय म्हटलं? सरांना विचारतो. जाणते आहेत.”

ही जागा होती. याहून मोकळी जागा कोणी करून दिली नसती. मी कॉफी प्यालो. कॉफी चांगली आहे म्हणालो. पाऊस, बँकेची वेळ, वेलचेरीत वाढलेली घरभाडी, असं सगळं बोललो. वसुधाने मला एकही प्रश्न विचारला नाही. प्रूफं वरदन सारांना दाखवली असती तर तिचं काम तिला परत मिळालं असतं, हे तिला ठाऊक होतं. मलाही होतं.

या धंद्यात एक गोष्ट शिकलो. चूक वाटणारा शब्द एकदा आला तर ती चूक असते. अकरा वेळा आला तर विचारावं. नव्या संपादकांना मी हे नेहमी सांगत आलो, कुठे शिकलो ते न सांगता.

मी उठलो. वसुधा दारापर्यंत आली. मी चप्पल घातली, मागे वळलो. वाक्य अजून पाठ होतं.

“येतो,” मी म्हणालो.

“या, सर,” ती म्हणाली.

त्यानंतर मी गेलो नाही.