बावीस फूट

माझा दादा नगरपालिकेचा पंपवाला. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्ती आठ महिन्यांवर, आणि अंगात आळस इतका की जांभईसुद्धा अर्धीच देतो. मी त्याच नगरपालिकेत पाणीखात्याची कारकून. धाकटी बहीण असल्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क मला जन्मापासून आहे.

त्याची कामं दोन. टेकडीच्या पायथ्याशी बसून पंपाचं बटण दाबायचं, आणि रोज सकाळी एकशे ऐंशी पायऱ्या चढून वरच्या विहिरीत वजन बांधलेली टेप सोडायची. पाणी कठड्यापासून किती फूट खाली आहे ते वहीत लिहायचं. बटण तो दाबायचा. पायऱ्यांचं म्हणाल, तर अकरा वर्षांपूर्वी त्याचा गुडघा दुखला आणि त्याने वहीत कालचाच आकडा लिहिला. बावीस फूट. कुणी काही विचारलं नाही. गुडघा दोन दिवसांत बरा झाला, पण सवय लागली ती लागलीच. उन्हाळ्यात बावीस, पावसाळ्यात बावीस. महिनाअखेरीला वही माझ्याकडे यायची आणि मी शहाणी ती तशीच टाइप करून वर पाठवायची. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं आंधळं मीच.

मग टेकडीवर खाण काढायची टूम निघाली. कंपनीने वर चाचणीची भोकं पाडली, पर्यावरणाचा जाडजूड अहवाल केला आणि नगरपालिकेत सुनावणी लागली. सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. कंपनीच्या तज्ज्ञाने पडद्यावर एक रेघ दाखवली, इस्त्री फिरवल्यासारखी सरळ.

"या नगरपालिकेच्याच नोंदी आहेत. अकरा वर्षांत विहिरीची पातळी बोटभरही हललेली नाही. खाण झाली तरी पाण्याला धक्का लागणार नाही."

नगराध्यक्षांनी मान डोलावली. त्यांची मान कुणीही बोललं तरी डोलते.

मला तर कोण अभिमान वाटला! आमच्या दादाची वही चक्क पडद्यावर! कौतुकाने वळून बघते, तर दादाचा चेहरा पांढराफटक.

"अगं, मी वर जातच नाही," तो कुजबुजला. "आकडा खाली बसून लिहितो."

"कधीपासून?"

"ती रेघ दिसतेय ना, तेव्हापासून."

मी त्याला कोपराने ढोसलं. "मेल्या, गप्प बस. तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि वहिनी तुला घरात घेणार नाही."

"ती भोकं पाडल्यापासून पाइप खोकतोय गं. पंप हवा ओढतोय. पाणी खाली गेलंय, मला ऐकू येतं."

मी त्याचा शर्ट धरला. बटण माझ्या हातात राहिलं आणि दादा उभा राहिला. सगळ्यांदेखत त्याने सगळं सांगून टाकलं. लोक खो खो हसले.

तज्ज्ञही हसला. "मग आज तरी तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"ठेवूच नका. चला वर, मोजू."

अख्खी सुनावणी टेकडी चढली. नगराध्यक्ष वाटेत तीनदा बसले. दादाने टेप सोडली. बावीस गेले, तीस गेले, आणि वजन पाण्याला टेकलं तेव्हा टेपेवर एक्केचाळीस होते. हसणं बंद झालं.

"उन्हाळ्यामुळे असेल," तज्ज्ञ म्हणाला. नगराध्यक्षांची मान पहिल्यांदाच डोलली नाही.

ठरलं असं की आधी वर्षभर रोज खरं मोजमाप, परवानगीचं मग बघू. एक दिवस जरी चुकला तरी कंपनी बोट दाखवणार. दादा निलंबित झाला, पेन्शन चौकशीत अडकली आणि गावाने त्याचं नाव बावीसफुटे ठेवलं. निलंबित माणसाची नोंद चालत नाही, म्हणून मोजायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्या सकाळी पायथ्याशी जाते, तर दादा हातात टेप घेऊन हजर. ना पगार, ना हुकूम, वर गुडघा आता खरंच कामातून गेलेला. नव्वदाव्या पायरीवर आम्ही दोघंही धापा टाकत बसलो. त्याचा गुडघा बघून मला भरून आलं.

"दादा, तू उद्यापासून घरी थांब. मी जाईन एकटी."

"नको," तो गुडघा चोळत म्हणाला. "एकटी आलीस की तूही कालचाच आकडा लिहिशील. शेवटी बहीण कुणाची!"

मी चिडून त्याच्या हातातली टेप हिसकावली आणि ताडताड पुढे निघाले. कारण नव्वदाव्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या मनात नेमकं तेच आलं होतं.