धूर गेला, घर विकलं

नवरा रेल्वेत, म्हणून पूर्णेला आम्ही दोन खोल्यांचं पत्र्याचं घर बांधलं होतं. त्याची बदली झाली आणि घर विकायला काढलं. माणसं यायची, जागा चांगली हाय म्हणायची, स्वयंपाकघरात डोकावायची आणि डोळे पुसत बाहेर पडायची. चुलीत जाळायच्या पळाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, धुरानं भिंती काळ्या झाल्या होत्या. रोज त्यातच वावरत असल्यानं मला मात्र काही जाणवत नव्हतं.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "घर इकायचं आसंल तर आधी त्याला श्वास घेऊ द्या."

मग आम्ही गवंडी बोलावला. त्यानं चुलीवर पत्र्याच्या वरपर्यंत धुराडं चढवलं आणि दोन्ही खोल्यांत समोरासमोर खिडक्या पाडल्या. भिंती खरवडून चुना दिला. नवऱ्यानं हौसेनं वाळ्याच्या ताट्यांचा कूलर करून घेतला. गिऱ्हाईक त्यालाच भुलणार, अशी त्याची खात्री होती.

उन्हाळ्यात राणीसावरगावकडचे एक शेतकरी बायकोला घेऊन घर बघायला आले. मुलगा पूर्णेत नोकरीला लागला होता, म्हणून त्यांना इथं घर हवं होतं. बाईंना दमा होता. ओट्यापर्यंत येता येताच त्यांना धाप लागली. माझ्या नवऱ्यानं लगबगीनं कूलर लावला, तर बाईंनी हातानंच नको म्हणून सांगितलं. ओल्या वाऱ्यानं त्यांची छाती भरून यायची. नवऱ्याचा चेहरा पडला. त्यानं कूलर बंद केला.

मी चहा ठेवला. धूर धुराड्यातून सरळ वर गेला. खिडक्यांतून वारा या भिंतीकडून त्या भिंतीकडे वाहत होता. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळूहळू त्यांची छाती कमी उडायला लागली, घशातली शिट्टी थांबली. त्या तिथंच सतरंजीवर कलंडल्या आणि बघता बघता त्यांना झोप लागली.

मी चहाचा कप पुढं केला, तर त्यांच्या मालकांनी मला खुणेनं थांबवलं.

"उठवू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "लय वर्सं झाली, ती बसूनच झोपती. आज पाठ टेकली."

आम्ही सगळे उभेच राहिलो. भर दुपारी पत्र्याखाली एक बाई शांत श्वास घेत होती आणि आम्ही देवळात आल्यासारखे तिच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं मी त्या घरात राहिले, पण हवा दिसते, हे तेव्हाच पहिल्यांदा कळलं. बाईंच्या पदराच्या काठावर ती अलगद वर-खाली होत होती.

चहा गार झाला. ऊन उतरल्यावर बाई उठल्या आणि अनोळखी घरात झोपल्याबद्दल लाजल्या. मालकांनी फक्त बायकोकडे पाहिलं. तिनं होकारार्थी मान हलवली.

पंधरवड्यात व्यवहार पुरा झाला आणि आम्ही गाव सोडलं. जाताना सासूबाईंनी त्या बाईंच्या हाती किल्ली दिली आणि एवढंच सांगितलं, "खिडक्यांम्होरं कपाट ठिवू नका."