बाबांचा फळा

बाबा टाइप करत नसत. युनियनचा निरोप ते फळ्यावर खडूने लिहीत, मी त्याचा फोटो काढायचा आणि मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकायचा, अशी आमची वाटणी होती.

फळा होता पनवेलला तळ्याजवळच्या गल्लीत, युनियनच्या एका खोलीच्या ओटीवर. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरचं एक यार्ड आहे. तिथे कंत्राटावर माल उतरवणारे, झाडलोट करणारे, वजनकाट्यावर बसणारे लोक या युनियनचे सभासद. बाबांनी त्या यार्डात उमेदीची वर्षं घालवली आणि निवृत्त झाल्यावरही युनियनचं काम सोडलं नाही. पूर्वी सगळे पनवेलच्या नाक्यावरून टेंपोत चढत, जाताना फळा वाचत. पुढे लोक लांब लांब राहायला गेले. कोणी ओव्याहून येतं, कोणी बेलपाड्याहून, कोणी थेट उरणच्या खाडीकडून. म्हणून ग्रुप निघाला. पण ग्रुपवर कोणीही काहीही टाकू लागलं. एकदा कोणीतरी उद्या सुट्टी असल्याचं टाइप करून टाकलं आणि अर्धे लोक घरी राहिले. तेव्हा बाबांनी नियम केला, "फळ्यावर हाय ते खरं. बाकी कोनी काय पन लिवू द्या."

मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कामावरून सुटून नवीन पनवेलला घरी जाण्याआधी वाट वाकडी करून तिथे जायची. बाबा हात झटकत बाजूला होत आणि म्हणत, "काढ फोटू." अक्षर ठसठशीत, शिरोरेघ सरळ. तारीख मात्र कधी घालत नसत, नुसता वार. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या पुसायचंच हाय. तारीख कोनाला पायजे?"

दिवाळीनंतर ते गेले. आजारपण फार लांबलं नाही. त्यांनी शेवटचं लिहिलं होतं ते असं : "बुधवारपासून वजनकाट्याजवळ पिण्याचं पाणी मिळेल. नाही मिळालं तर मला सांगा."

ते कोणी पुसलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी खोली झाडायला जायची, खुर्ची पुसायची, उदबत्ती लावायची. फळ्याला हात लावला नाही. युनियनच्या कमिटीतही कोणी विषय काढला नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी यार्डातल्या झाडलोट करणाऱ्या मावशींचा फोन आला. बाबांच्या बरोबरीने कमिटीत होत्या त्या. बाबांना यार्डात सगळे भाऊ म्हणत.

"ताय, उद्याचा डबा कसा करू? बाहेर बसायचं तर नुसती भाकर बांधते. आत जायचं असल तर कालवन पन घेते."

"बाहेर कुठे बसायचं, मावशी?"

"गेटवर. भाऊंचा फळा आलाय ना मोबाईलवर."

फोन ठेवून मी ग्रुप उघडला. दुपारी एका सभासदाने बाबांच्या आठवणीत जुना फोटो टाकला होता, खाली हात जोडलेले. फोटो मीच काढलेला, कितीतरी वर्षांपूर्वीच्या संपातला : "सोमवारी कोणीही आत जायचं नाही. सगळ्यांनी गेटबाहेर बसायचं." तो गावागावाच्या ग्रुपवर पुढे गेला होता, आणि जाताना जोडलेले हात मागेच राहिले होते. उरलं ते बाबांचं अक्षर आणि सोमवार.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता. कंत्राट बदलत होतं, आणि झाडलोटीच्या जुन्या बायकांना नव्या कंत्राटात ठेवायचं की नाही, यावर त्याच दिवशी बोलणी होती. बोलणी होईपर्यंत काम थांबवायचं नाही, असं कमिटीने कबूल केलं होतं. नवी माणसं आणायला कंत्राटदाराला एक निमित्त हवं होतं. गेटबाहेर बसलेले सगळे लोक म्हणजे ते निमित्त.

मी घाईने खुलासा टाइप केला. सर्व सभासदांना नम्र विनंती, सदर छायाचित्र जुने असून वगैरे. पुस्तकी माणूस घाबरला की असंच लिहितो. उत्तरं आली.

"फळ्यावर हाय का हे?"

"भाऊंचं अक्षर खरं का तुमचं टायपिंग?"

आणि एकाने लिहिलं, "ताईंचा मोबाईल कंत्राटदाराकडं गेला वाटतं," पुढे हसरे चेहरे.

राग आला नाही. बाबांनी शिकवलं होतं तेच ते करत होते.

मावशींना बोलावून घेतलं आणि खोलीवर गेले. फळ्यासमोर आम्ही उभ्या राहिलो. या फळ्याचाही फोटो माझ्याकडे होता. तरी बनियनच्या तुकड्याचं ते पुसणं हातात घेऊन मी तशीच थांबले. "मला सांगा" मधला शेवटचा काना खाली जरा लांब ओढला गेला होता. हात थकला असावा.

"मावशी, पाणी मिळालं का हो?"

"मिळालं की. नळ बसला, थंड पानी येतं. पूस तू. भाऊ असते तर कवाच पुसला असता. जुनं लिवलेलं त्यांना खपायचं नाय."

मी पुसलं. खडूची पूड मनगटावर उतरली.

"उद्या सोमवारी नेहमीसारखं कामावर जायचं. बोलणी आहेत. फिरतो आहे तो फोटो जुना आहे." असं लिहिलं आणि वर तारीख घातली, सालासकट.

मावशींनी मान तिरकी केली. "मुंग्या चालल्या का ग? मोबाईलवर कोनाला दिसल हे?"

पुन्हा पुसलं, पुन्हा मोठं लिहिलं. मी मोबाईल काढला तर त्यांनी तो हातातून घेतला. "तू उभी रा बाजूला. न्हायतर म्हनतील, हा बी जुनाच."

इतक्या वर्षांत फळ्याच्या एकाही फोटोत मी नव्हते. हाताला खडू तसाच, केस विस्कटलेले. फोटो जरा हलला होता, तरी पाठवला. मग अंगठे येऊ लागले. हसरे चेहरे टाकणाऱ्याने लिहिलं, "ताई, बरं झालं. कालवण करायला सांगतो घरी."

सकाळी मी यार्डाच्या गेटवर गेले. लोक टेंपोतून उतरत होते, डबे घेऊन आत जात होते. बाहेर कोणी बसलं नाही.

संध्याकाळी मावशींचा फोन आला. जुन्या सगळ्या बायका राहणार. येण्याजाण्याच्या गाडीची मागणी मात्र पुढे ढकलली. "लिव लवकर," त्या म्हणाल्या, "बायका वाट बघत्यात."

मी खोलीवर गेले. फळ्यावर माझंच अक्षर होतं. पुसायला वेळ लागला नाही.