जुन्या रेडिओंच्या मागे फिरणारा मधू

फोन आला तेव्हा मी सीताबर्डीच्या एका दुकानात मधूच्याच कामासाठी उभा होतो. दुकानदार शिडीवर चढून वरच्या फळीवरचे जुन्या पार्टांचे डबे धुंडाळत होता, आणि मधूची बायको, सुनंदावहिनी, फोनवर एवढंच बोलल्या, “भाऊ, तुमचा मित्र गेला...” दुकानदाराला ‘राहू द्या’ म्हणायचंही मला सुचलं नाही. पाच आठवडे झाले. अजून एका जागी बसवत नाही.

मधू कोराडीच्या वीज केंद्रात मीटर दुरुस्त करायचा आणि आमच्या भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी कीबोर्डवर. गिटारचा आवाज जाड, खरखरीत करणारी पायाखालची पेटी, म्हणजे पेडल, तो स्वतः बनवायचा, तेही स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. विकतचं त्याला पटत नसे. “तो कोणाचाही आवाज हाय,” म्हणायचा. “मले माहा पायजे.” त्याच्या मनातल्या आवाजाला जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर लागत, पन्नास वर्षांपूर्वीच्या रेडिओत असायचे तसले, आणि तेही एकसारखी जोडी. आता ते बनत नाहीत. ऑनलाइन मागवले तर नव्याच तुकड्यांवर जुना नंबर छापून आला. मधूने नखाने खरवडलं, तर शाई निघाली. तेव्हापासून तो भंगाराचे ढीग आणि लोकांचे माळे पालथे घालू लागला. जेवता जेवता उठायचा, रिहर्सल सोडून ‘आलोच’ म्हणत निघायचा. डॉक्टरांनी छातीचं दुखणं अंगावर काढू नको म्हणून बजावलं होतं, पण ऐकतो कोण...

एप्रिल लागला होता, जयंतीचे कार्यक्रम तोंडावर. कन्हानला एका आजींकडे तसा रेडिओ आहे असं कळलं आणि भर दुपारी मधू स्कूटर घेऊन माझ्या दारात.

“अबे, संध्याकाळी जाऊ ना. काहून एवढी घाई?”

“तोवर तिनं भंगारात देल्ला तं?”

आजींचे यजमान खाणीत कामाला होते. रेडिओ त्यांचा, कित्येक वर्षं मुका. “घेऊन जा बाप्पा,” आजी म्हणाल्या, “तसाही बोलत नाही तो.” मधूने मागचं झाकण उघडलं. हव्या त्याच नंबरचे दोन ट्रान्झिस्टर! मीटर लावून पाहिलं, तर एक चांगला, एक मेलेला. खिशातल्या डबीत त्याच्याकडे तसाच एक होता, दोन वर्षांच्या हिंडण्यातून हाती लागलेला. जोडी जमली होती. मी म्हणालो, “चल.” तो उठेना. आजी रेडिओचं रिकामं खोकं मांडीवर घेऊन पदराने पुसत होत्या.

“आजी, बाबा काय ऐकत याच्यावर?”

“बाजारभाव. शेती नव्हती आमची, तरी ऐकत. घरात आवाज पायजे म्हणे.”

मधूने स्वतःची डबी उघडली. पिशवीतलं सोल्डरिंग आयर्न आजींकडच्या बोर्डाला लावून तापवलं आणि आपला ट्रान्झिस्टर त्या रेडिओत मेलेल्याच्या जागी बसवला. आधी नुसती खरखर, मग कुणा बाईचा आवाज आला. आजींनी मधूचा हात तेवढा धरून ठेवला.

आम्ही रिकाम्या हाताने निघालो. रस्ताभर मी त्याच्याशी भांडलो. “दोन वर्षं हिंडलास ना बे त्याच्यासाठी!”

“ती खोकं पुसून राहिली होती, तुले दिसलं नाही?” तो म्हणाला. मग स्कूटर हळू केली. आणि एकदम, “कामठीत एक भंगारवाला हाय... थांबू का?”

मी रागात होतो. म्हणालो, “नाही, सरळ घरी.” त्यानेही गुमान स्कूटर घरी आणली. जयंती झाली, आणि महिना संपायच्या आत तो गेला. त्या दुपारचं ऊन भोवलं का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारायला दोनदा निघालो, दोन्ही वेळा अर्ध्या रस्त्यातून परतलो.

परवा, मेअखेरच्या नवतप्याच्या जाळणाऱ्या उन्हात, सक्करदऱ्याला त्याच्या घरी गेलो. वहिनी पुढच्या खोलीत वर्तमानपत्राने वारा घेत बसलेल्या, घामाघूम. घरातला एकुलता एक कूलर मागे मधूच्या खोलीत चालू होता. मी डोकावलो. टेबलावर अर्धवट जोडलेली पेडलं, तारा, ट्रान्झिस्टर भरलेल्या काड्यापेट्या, आणि त्यांच्यावर गार वारा.

“वहिनी, कूलर इकडे घ्या ना. तिथं कोण आहे?”

“उनात त्या पार्टाइचा आवाज बदलते म्हणत ते,” वहिनी म्हणाल्या. “सोता उनात हिंडत, अन् त्याइले कूलर.”

मग उठल्या, मोरीतून बादली घेतली आणि कूलरमध्ये पाणी भरायला आत गेल्या.