ढालीत घातलेले सगळे पॉइंट

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. संध्याकाळपासून घरात पाहुण्यांची रीघ, रात्री नाटक. दोघी जावांपैकी एकीला नाटकाला जाता येतं, दुसरी चुलीपाशी राहते. यंदा मला जायचं होतं. धाकटीलाही. कॉलेजात शिकणारी माझी मुलगी वैतागून म्हणाली, "भांडून काऊन राहिल्या? गेमवर फैसला करा."

तिच्या कॉम्प्युटरवरच्या या गेममध्ये आपलं कॅरेक्टर आपणच घडवायचं. मिळालेले पॉइंट ताकद, चपळाई, अक्कल, जादू अशा गुणांत वाटायचे. खुबी अशी, की गुण माणसालाच द्यावा असं नाही. टोपीला ताकद देता येते, पायातल्या जोड्यांना अक्कल. कल्पना मला फार पटली. आमच्याकडेही काही माणसांपेक्षा त्यांच्या जोड्यांवर अक्कल खर्चणं बरं.

मी धानाची शेती करणारी. रोवणीत रोपं एका जागी दाट लावली तर एकही धड वाढत नाही, हे मी बांधावरून बायांना ओरडून सांगत आलेय. तोच हिशेब इथे लावला. तलवारीला थोडे पॉइंट, टोपीला थोडे, पैंजणांनाही थोडे. कुणावर अन्याय नाही.

"आई, असं कोनी नाही करत," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच हरतात."

जावेने सगळे पॉइंट एका ढालीत घातले आणि ढालीला एकच गुण दिला: बसलेला मार मारणाऱ्यालाच दुपटीने परत. हातात तलवार नाही, काठीसुद्धा नाही. मला तिची कीव आली.

लढत सुरू होताच पडद्यावर मी धावून गेले. जाऊ इकडे खुर्चीत बसून लसूण सोलत होती. मी वार केला, माझंच रक्त कमी झालं. जोर कमी पडला असेल म्हणून आणखी जोरात मारलं.

"ताई, जरा दमानं," ती म्हणाली. "तुमीच मरून राहिल्या."

"तू गप. मार खाऊन राहिली अन् वर बोलते?"

पुढच्या वारात मी उरलीसुरली जादू घातली. पडद्यावरची माझी बाई पैंजणांसकट आडवी झाली. जावेच्या हातातला लसूण संपलाही नव्हता.

"ह्या गेमले काई तोलच नाही," मी मुलीला म्हटलं. "एका ढालीनं सारं जिंकता येते म्हणजे काय?"

"नाहीच तोल. सगळ्यांले मालूम आहे, म्हणून सगळे ढालच घेतात. तुले विचारायले काय झालं होतं?"

काही झालं नव्हतं. मला सांगायची सवय आहे, विचारायची नाही.

मंडईच्या संध्याकाळी जाऊ नवी साडी नेसून निघाली. दारातून म्हणाली, "ताई, भात जास्त टाका. चिचगडच्या माझ्या बहिनी बी जेवायले येऊन राहिल्या."

मी टाकला. पंगतीतल्या एका पाहुण्याने विचारलं, "तुमी नाही गेल्या नाटकाले?"

"मले नाटकाचा कंटाळा," मी म्हटलं.

"हरली थे!" मुलगी आतून ओरडली.

पाहुण्याने पुढचं विचारायला तोंड उघडलं. मी त्याच्या पानात दोन पळ्या रस्सा ओतला.